मोकळं मन म्हणजे नक्की किती मोकळं?

अर्धविराम

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका गृहस्थांनी मला ४० पानांची पीडीएफ पाठवली. निवृत्त अभियंते, सत्तरी ओलांडलेले. आइनस्टाइनचा विशेष सापेक्षतावाद चुकीचा आहे, वेग वाढला म्हणून वेळ मंदावत नाही, असं त्यात 'सिद्ध' केलेलं होतं. मी भौतिकशास्त्रात संशोधन करतो, त्यामुळे असं काही अधूनमधून येतच असतं आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मी उत्तर देत नाही. या वेळी ओळख होती म्हणून वाचायला घेतलं.

तिसऱ्या पानावर अडलो. दोन घटना एकाला एकाच वेळी घडलेल्या दिसल्या, तर त्या सगळ्यांनाच एकाच वेळी घडलेल्या दिसणार, असं तिथे एका ओळीत गृहीत धरलं होतं. सापेक्षतावाद नेमकं हेच नाकारतो. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरलं आणि मग विसंगती सापडली म्हणून जाहीर केलं. मी दोन ओळींचं उत्तर पाठवलं: तिसऱ्या पानावर अमुक चूक आहे, त्यामुळे पुढचं टिकत नाही. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. तुम्हा पदवीवाल्यांची मनं बंद असतात, गॅलिलिओचंही कोणी ऐकलं नव्हतं, वगैरे.

ते मला लागलं. कारण उरलेली ३७ पानं मी खरोखरच वाचली नव्हती. हे बंद मनाचं लक्षण म्हणायचं का?

बरेच दिवस यावर विचार करतोय. माझी अडचण अशी की सापेक्षतावाद म्हणजे कुणीतरी मांडलेलं एक मत नाही. वातावरणात १०-१५ किलोमीटर उंचीवर वैश्विक किरणांमुळे म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावले तरी तेवढ्यात जेमतेम ६६० मीटर जातील. तरी ते जमिनीपर्यंत भरपूर संख्येने पोचतात, कारण आपल्या दृष्टीने त्यांची वेळ मंद चालते. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. निव्वळ ३८ मायक्रोसेकंदांचा हा फरक दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात अंतराची चूक काही किलोमीटरवर जाईल. 'आइनस्टाइन चुकला' म्हणणाऱ्याला या सगळ्याचं दुसरं स्पष्टीकरण द्यावं लागेल. त्या ४० पानांत म्युऑन हा शब्दच नाही.

तरीही त्या दोन ओळी लिहिताना माझा सूर बरोबर होता असं मला वाटत नाही. माहिती नसलेल्या माणसाने मत दिलं तर माहिती असलेल्याने कसं वागावं? आणि 'मन मोकळं ठेवा' म्हणतात तेव्हा नक्की काय मागितलं जातं? या चर्चामंचावर वेगवेगळ्या क्षेत्रांतली मंडळी आहेत, म्हणून विचारतो.

कातळ

तुमची तळमळ पोचली, पण मी त्या काकांच्या बाजूने बोलणार. आल्फ्रेड वेगेनर हवामानशास्त्रज्ञ होता. त्याने १९१२ साली सांगितलं की खंड सरकतात. भूगर्भशास्त्रज्ञांनी 'हा बाहेरचा माणूस' म्हणून त्याला झिडकारलं. १९३० साली तो ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला, तेव्हाही बहुतेकांना तो चुकीचाच वाटत होता. सेमेलवाइसने १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, मृत्यू झपाट्याने कमी झाले, तरी वरिष्ठांनी मान्य केलं नाही. प्रत्येक वेळी तज्ज्ञांना 'आम्हाला माहीत आहे' असंच वाटत होतं. तिसऱ्या पानावर थांबण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

मृगनक्षत्र

कातळ, वेगेनरची गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते, म्हणून उरलेली अर्धी सांगते. भूगर्भशास्त्र हा माझा विषय आहे.

वेगेनरकडे पुरावा चांगला होता. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर जुळणारे खडक होते, मेसोसॉरससारखे जीवाश्म होते, उष्ण प्रदेशात हिमनद्यांच्या खुणा होत्या. पण खंड कशामुळे सरकतात याचं त्याने दिलेलं उत्तर चुकीचं होतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आणि भरती-ओहोटीच्या ओढीमुळे खंड ढकलले जातात असं तो म्हणत होता. हॅरॉल्ड जेफ्रीजने गणित करून दाखवलं की ही बलं त्या कामासाठी फारच तोकडी आहेत. जेफ्रीजचा तो आक्षेप बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. काही भूगर्भशास्त्रज्ञ त्या काळातही वेगेनरच्या बाजूने होते. आर्थर होम्सने तर पृथ्वीच्या पोटातल्या उष्ण प्रवाहांची कल्पना मांडली. मग समुद्राच्या तळावरचे चुंबकीय पट्टे मोजले गेले, व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये त्यांचा अर्थ लावला, की समुद्राचा तळच पसरतो आहे, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत जवळजवळ सगळं क्षेत्र फिरलं. आयुष्यभर उलट शिकवलेल्या प्राध्यापकांनी आपल्या टिपणवह्या बदलल्या. हा भागही गोष्टीत यायला हवा.

वेगेनरला बाहेरचा म्हणून हिणवलं गेलं हे मात्र खरं, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तो विषय न शिकता बोलत नव्हता. सगळं उपलब्ध साहित्य वाचून, दर आवृत्तीत आक्षेपांना उत्तरं देत त्याने पुस्तक सुधारत नेलं.

दुसरं असं की आपल्याला वेगेनर आठवतो, कारण तो बरोबर निघाला. ज्यांना झिडकारलं आणि जे चुकीचेच होते, त्यांची नावं कुणालाच आठवत नाहीत. फक्त जिंकलेली तिकिटं मोजून लॉटरी फायद्याची ठरवता येत नाही.

कातळ

मान्य, अर्धी गोष्ट सांगितली. पण मग शेख्टमनचं काय? तो तर आतलाच माणूस होता. त्यालाही तेच भोगावं लागलं ना?

मृगनक्षत्र

हो, आणि ते उदाहरण माझ्या बाजूला फार टोचणारं आहे. ८ एप्रिल १९८२ रोजी दान शेख्टमन यांना ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत दशपदरी सममिती दिसली, म्हणजे नक्षी एका फेरीच्या दहाव्या भागाने फिरवली तरी तशीच दिसते. स्फटिकात अशी सममिती असूच शकत नाही असं तेव्हाचं प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगायचं. गटप्रमुखाने त्यांच्या हातात पाठ्यपुस्तक दिलं आणि नंतर गट सोडायला सांगितलं. शोधनिबंध निघायला १९८४ उजाडलं. लायनस पॉलिंग, म्हणजे दोन नोबेल मिळवलेला माणूस, १९९४ साली मरेपर्यंत विरोध करत राहिला. पण बाकीच्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत तो धातू बनवला आणि त्यांना तेच दिसलं. १९९२ मध्ये स्फटिकाची व्याख्याच बदलली गेली आणि २०११ मध्ये शेख्टमन यांना नोबेल मिळालं.

म्हणजे मोठ्यातला मोठा तज्ज्ञही बंद मनाचा असू शकतो. क्षेत्र पुढे सरकलं ते धातू पुन्हा बनवून पाहणाऱ्यांमुळे.

अवांतर: याच पॉलिंगने सर्दीवर व्हिटॅमिन सीचे मोठे डोस घ्यायला सांगितले होते. पुढच्या चाचण्यांत सर्वसामान्य लोकांमध्ये सर्दी होणं त्याने टळलं नाही. आपल्या क्षेत्राच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की तज्ज्ञही आपल्यासारखाच.

स्टेथो

मी डॉक्टर आहे. माझ्याकडे रोज दहा जण तरी 'मी वाचलं की…' असं म्हणत येतात. त्यामुळे धागाकर्त्याचा थकवा मला चांगलाच समजतो. पण एक प्रसंग सांगते, त्यात चूक माझी होती.

रक्तदाबाच्या एक पेशंट कोरड्या खोकल्याने हैराण होत्या. मी तपासलं, एक्स-रे काढला, खोकल्याचं औषध दिलं, ते बदलून दुसरं दिलं. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "ही निळी गोळी सुरू केली तेव्हापासून होतंय, तिच्या रंगानेच घसा धरतो." रंग हा शब्द ऐकला आणि माझे कान बंद झाले. रंगाने काही होत नसतं असं मी हसून सांगितलं. रात्री घरी आल्यावर डोक्यात उजेड पडला. ती गोळी एसीई इन्हिबिटर या रक्तदाबाच्या औषधांच्या गटातली होती आणि त्या गटाने कोरडा खोकला होतो हे मी शिकताना पाठ केलं होतं. गोळी बदलल्यावर तीन आठवड्यांत खोकला गेला.

त्यांचं कारण चुकीचं होतं, पण निरीक्षण बिनचूक होतं. मी चुकीच्या कारणाबरोबर बरोबर निरीक्षणही फेकून दिलं. तेव्हापासून मी ऐकताना हे दोन वेगळे ठेवते. काय दिसलं, कधी दिसलं, कुणाला दिसलं यावर पेशंटचा अधिकार माझ्याहून मोठा आहे. का झालं, यासाठी मी शिकले आहे.

याचं मोठं उदाहरण म्हणजे लाइम रोग. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या लाइम गावी पॉली मरे नावाची एक आई होती. आपल्या घरातल्या आणि आसपासच्या इतक्या मुलांचे सांधे एकदम कसे सुजतात, याची ती नोंद ठेवत होती. डॉक्टरांनी तिला बरीच वर्षं उडवून लावलं. १९७५ मध्ये तिने आरोग्य खात्याला कळवलं. ॲलन स्टिअर या तरुण डॉक्टरने तिची यादी गांभीर्याने घेतली आणि त्या रोगाचा पहिला शोधनिबंध त्यातून निघाला. गोचिडीतला जिवाणू पुढे विली बुर्गडॉर्फर यांना सापडला. जिवाणू शोधणं त्या आईला शक्य नव्हतं आणि तिने तसा दावाही केला नाही.

दशमान

@स्टेथो, प्रतिसाद फार आवडला. उल्कांचंही असंच झालं होतं. आकाशातून दगड पडतात असं शेतकरी पिढ्यानपिढ्या सांगत होते. १७६८ साली फ्रान्समध्ये पडलेला एक दगड लाव्हाझिएच्या समितीने तपासला आणि ठरवलं की जमिनीतलाच दगड आहे, वीज पडल्यामुळे असा झाला असेल. १८०३ मध्ये लेग्ल गावाजवळ हजारो दगड पडले, तेव्हा बियो हा भौतिकशास्त्रज्ञ स्वतः तिथे गेला, माणसांशी बोलला, कुठे काय पडलं याचा नकाशा केला आणि मग विद्वानांना पटलं. अडाणी म्हणून ज्यांची साक्ष बाजूला ठेवली होती, त्यांनीच बरोबर पाहिलं होतं.

रानवाट

स्टेथो यांची विभागणी मला पटते, पण पूर्ण नाही. कधीकधी 'का' हेसुद्धा सामान्य माणसाला तज्ज्ञापेक्षा जास्त कळतं. कंब्रियाच्या मेंढपाळांचं उदाहरण घ्या.

१९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला आणि किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर इंग्लंडच्या वायव्येतल्या डोंगरांवर उतरलं. जूनमध्ये सरकारने मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि तज्ज्ञांनी सांगितलं की तीन आठवड्यांत सगळं ठीक होईल. हा अंदाज चिकणमातीच्या अभ्यासावर बेतलेला होता. चिकणमाती सीझियमला घट्ट धरून ठेवते, गवतात जाऊ देत नाही. पण त्या डोंगरांवर माती आहे दलदलीची, आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींची. तिच्यातून सीझियम पुन्हापुन्हा गवतात येत राहिलं. तीन आठवड्यांची बंदी काही शेतांवर २०१२ पर्यंत चालली.

मधल्या काळात तज्ज्ञांनी कुंपण घालून मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढपाळ म्हणाले, आमच्या मेंढ्या उघड्या डोंगरावर चरतात, कोंडल्या की खंगतात, तुमचे आकडे खरे येणार नाहीत. कुणी ऐकलं नाही. पुढे तो प्रयोग गुंडाळावा लागला. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या सगळ्याचा अभ्यास केला आहे.

तेव्हा 'माहिती नसलेलं मत' हा शब्द वापरताना आधी पाहायला हवं की माहिती कशाबद्दल नाही. अणूबद्दल मेंढपाळाला काही ठाऊक नव्हतं. मेंढी आणि डोंगर याबद्दल मात्र त्या खोलीत तोच तज्ज्ञ होता. आणि तज्ज्ञांची खरी चूक एवढीच की त्यांनी आपला अंदाज छातीठोकपणे सांगितला. "चिकणमातीत असं होतं, तुमच्याकडची माती कशी आहे?" असं विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं असतं.

स्टेथो

सुधारणा मान्य. सरसकट विधान केलं होतं.

दशमान

आता वेळेबद्दल बोलतो, कारण कातळ यांचा 'थांबण्याचा अधिकार कोणी दिला' हा प्रश्न अनुत्तरित आहे.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली ठरवलं की पट्टी आणि कंपासने वर्तुळाएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढणं, कोनाचे तीन समान भाग करणं, घनाची दुप्पट करणं आणि कायम चालणारं यंत्र, या विषयांवरचे लेख यापुढे तपासायचे नाहीत. गंमत म्हणजे त्यातल्या भूमितीच्या प्रश्नांची अशक्यता तेव्हा सिद्ध झालेलीच नव्हती. कोन आणि घनाबद्दल वान्त्सेलने १८३७ मध्ये सिद्धता दिली, वर्तुळाचा प्रश्न लिंडेमानने १८८२ मध्ये मिटवला. तरी मला अकादमीचा निर्णय रास्त वाटतो. लेखांचा पूर यायचा, प्रत्येकात चूक निघायची आणि ती चूक समजावण्यात माणसांचं आयुष्य जायचं. आज तर पट्टी आणि कंपासने कोनाचे तीन भाग केल्याचा दावा आला, तर आत कुठेतरी चूक आहे हे न वाचताही मला माहीत असतं. तिथे थांबणं म्हणजे मन बंद करणं नव्हे.

पण मग रामानुजन? जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजचा गणितज्ञ हार्डी याला एका अनोळखी कारकुनाचं पत्र आलं. आत पानंच्या पानं सूत्रं, सिद्धता जवळजवळ नाहीत. बाहेरून पाहिलं तर अगदी तऱ्हेवाईक माणसाचं पत्र वाटावं. हार्डी आणि लिटलवूड संध्याकाळी ते घेऊन बसले. काही सूत्रं आधीच माहीत असलेली निघाली, मूळ संख्यांबद्दलची काही विधानं चुकीची निघाली, आणि काही अशी की ती सुचायला पहिल्या दर्जाचा गणिती लागतो. चूक सापडली म्हणून हार्डी थांबला नाही, कारण तिथे एक चूक बाकीच्या सूत्रांना पाडत नव्हती. प्रत्येक सूत्र स्वतंत्रपणे तपासता येत होतं. अर्धविराम यांच्या हातातल्या ४० पानांचा पाया तिसऱ्या पानावर होता आणि तोच गेला. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

अलीकडचं उदाहरण त्याहून गोड आहे. डेव्हिड स्मिथ हे निवृत्त मुद्रण-तंत्रज्ञ. कागदाचे आकार कापून जुळवायचा छंद. २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांना १३ बाजूंचा एक आकार सापडला. त्याच्या फरशा कितीही लावल्या तरी नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही असं दिसत होतं. असा एकच आकार असू शकतो का, हा प्रश्न गणितज्ञांना कित्येक दशकं छळत होता. स्मिथ यांनी 'मी सिद्ध केलं' असं म्हटलं नाही. क्रेग कॅपलन या संगणकशास्त्रज्ञाला त्यांनी आकार दाखवला. कॅपलन यांनी तपासलं, आणखी दोघे आले आणि मार्च २०२३ मध्ये चौघांच्या नावाने सिद्धता प्रसिद्ध झाली. आकार उलटा करूनही वापरावा लागतो अशी कुरकुर काहींनी केली, तर दोनच महिन्यांत त्याच चौघांनी उलटा न करावा लागणारा आकारही दिला.

कोरापाटी

मी विज्ञान शिकलेली नाही. इतका वेळ नुसती वाचत होते, पण एक सांगावंसं वाटलं. एकदा एका व्याख्यानानंतर मी विचारलं होतं की विश्व प्रसरण पावतंय, तर मग आपणही फुगतोय का? वक्त्यांनी 'हे शाळेत शिकवतात' असं म्हणून पुढच्या माणसाकडे माइक दिला. सभागृहात लोक हसले. मी त्यानंतर कुठेच प्रश्न विचारला नाही, आणि या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

मला माझ्या मताला किंमत नको होती. मला कळत नव्हतं, एवढंच. 'कळत नाही' म्हणणारा आणि 'तुम्ही सगळे चूक' म्हणणारा यांना एकाच काठीने हाकू नका.

अर्धविराम

कोरापाटी, वाचून वाईट वाटलं. प्रश्न उत्तम होता आणि शाळेत तो कुणी शिकवत नाही. आपण फुगत नाही. अणूंना बांधून ठेवणारी विद्युत बलं आणि आकाशगंगेला बांधून ठेवणारं गुरुत्व या दोन्हींनी त्या वस्तू घट्ट धरल्या आहेत. प्रसरण दिसतं ते एकमेकांना न बांधलेल्या दीर्घिकासमूहांमधल्या प्रचंड अंतरात. देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येते आहे. आणखी प्रश्न असतील तर इथेच विचारा.

कातळ

बराच बदललो वाचून, पण एक शंका उरते. तुम्ही सगळे 'पुरावा आला की आम्ही बदलतो' असं म्हणता. लोकांना ते दिसत नाही. त्यांना फक्त 'नाही' दिसतं. लसींबद्दल कुणी शंका काढली की लगेच 'विज्ञानाने सांगितलंय' असं तोंडावर फेकलं जातं.

स्टेथो

तिथे उलटं घडलं, कातळ. १९९८ मध्ये वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने १२ मुलांवरून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवला, तेव्हा लोकांनी तो तपासला. डेन्मार्कमध्ये ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी पाहिल्या, तो अभ्यास २००२ मध्ये आला. २०१९ मध्ये आणखी ६,५७,४६१ मुलांचा आला. संबंध सापडला नाही. मूळ लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. बारा मुलांवरच्या शंकेला दहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींनी उत्तर दिलं. याहून मोकळं मन कसं असतं? पण तुमचं हेही खरं की समोरच्या घाबरलेल्या आईला हे आकडे कुणी बसून सांगत नाही. तिला फक्त आवाज चढलेला ऐकू येतो. ते आमचंच काम आहे आणि आम्ही ते नीट करत नाही.

मृगनक्षत्र

ऑपेरा नावाच्या भौतिकशास्त्रातल्या प्रयोगाचं उदाहरण द्यायचं राहिलं. सप्टेंबर २०११ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासोला जाणारे न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसले. म्हणजे धागाकर्त्याच्या काकांना हवं तेच! त्या गटाने आकडे लपवले नाहीत, 'आइनस्टाइन चुकला' असंही जाहीर केलं नाही. आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असं जगाला सांगितलं. काही महिन्यांत एक नीट न बसलेली प्रकाशतंतूची जोडणी सापडली आणि फरक नाहीसा झाला.

अर्धविराम

उशीर झाला, माफ करा. मधल्या काळात मी त्या गृहस्थांना पुन्हा लिहिलं, या वेळी दीड पान. आधी म्हटलं की माझं पहिलं उत्तर तुटक होतं. मग त्यांच्या तिसऱ्या पानावरचं वाक्य उतरवून, ते का गृहीत धरता येत नाही हे चालत्या गाडीच्या आकृतीसह लिहिलं. आणि शेवटी एक प्रश्न विचारला: तुमचं म्हणणं चूक आहे असं तुम्हाला कोणता प्रयोग पटवून देईल? माझ्याबद्दलही लिहिलं की प्रयोगशाळेतल्या यंत्रात गरगर फिरणाऱ्या म्युऑनचं आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच भरलं असतं, तर मी सापेक्षतावाद सोडला असता.

त्यांचं उत्तर आठ दिवसांनी आलं. गॅलिलिओ नव्हता. म्युऑन त्यांनी वाचून काढले होते. जमिनीवर पोचणारे म्युऑन कदाचित खालीच तयार होत असतील, अशी त्यांची नवी कल्पना आहे. चूक आहे, पण या वेळी तपासता येईल अशी चूक आहे. त्यांना मी सर्नच्या वर्तुळाकार यंत्रातलं १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेलं मोजमाप पाठवलं. तिथे म्युऑन यंत्रातच कोंडलेले होते, वरखाली हा प्रश्नच नाही. त्यांची वेळ २९.३ पट मंदावेल असं सूत्र सांगतं आणि आयुष्य भरलं ६४ मायक्रोसेकंद. कागदावर २.२ ला २९.३ ने गुणून बघा, एवढंच लिहिलं.

उरलेली ३७ पानंही काल रात्री वाचली. सिद्धांत म्हणून त्यात काही नाही. पण २२व्या पानावर उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांशी कशी जुळवतात याचा एक परिच्छेद आहे. बहुधा नोकरीतल्या अनुभवातून आलेला असावा. तो मला नवीन होता आणि इतका स्वच्छ लिहिलाय की मी तो विद्यार्थ्यांना दाखवण्याची परवानगी मागितली आहे.

कोरापाटी

ते काय म्हणाले गुणाकार केल्यावर?

अर्धविराम

अजून उत्तर नाही. आलं की इथेच लिहितो.